घरचे म्हणून सोडले

९ जानेवारी २०२४, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. डॉक्टरबाईंच्या खोलीतील भिंतीवरचे घड्याळ माझ्या मनगटावरील घड्याळापेक्षा पुढे होते. मी माझी वेळ दिली आहे.

टेबलावर बायॉप्सीचा अहवाल होता. बायॉप्सी म्हणजे संशयित जागेचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. माझ्या जठराचे असे काही तुकडे आदल्या आठवड्यात एन्डोस्कोपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण उतरवून, काढले होते. डॉक्टरबाईंनी अहवाल वाचला, पालथा ठेवला आणि माझ्या मुलीकडे, मेधाकडे पाहिले. मेधाने मान अगदी थोडी हलवली.

"आजोबा," डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "जरा बाहेर सिस्टरकडे वजन करून येता का?"

"वजन मघाशी झालं. आणि मी आपला आजोबा नाही. आपण बोला."

"बाबा, प्लीज. पाच मिनिटं," मेधा म्हणाली.

"अहवालावर नाव माझं आहे."

खुर्ची मागे सरकवून उठण्याऐवजी मी ती पुढे घेतली. डॉक्टरबाईंनी पुन्हा मेधाकडे पाहिले, मग अहवाल सुलटा केला.

"जठराचा कॅन्सर आहे."

एवढे वाक्य त्यांना सरळ बोलता येत होते. मग वजनाचे नाटक कशासाठी, हे मी विचारले नाही. घरी आल्यावर कळले की मेधाने सकाळीच फोन करून ठेवला होता, "बाबांना सांगू नका." आमच्याकडे हा रिवाज आहे. ज्याचा रोग असतो त्याला तो सर्वांत शेवटी कळतो, आणि ते मायेचे लक्षण समजले जाते. मेधाचा हेतू वाईट नव्हता. परंतु त्या दिवसापासून मी कोणाच्याही चेहऱ्यावर विश्वास ठेवला नाही. दोन माणसे दाराबाहेर हळू आवाजात बोलू लागली की मी दार उघडत असे.

हे लिहिण्याचे कारण सहानुभूती मिळवणे हे नाही. ज्यांच्या घरी हे दुखणे आले आहे किंवा येईल, त्यांनी एक चूक टाळावी म्हणून लिहीत आहे. ती चूक योग्य ठिकाणी येईल.

मी नोकरीची सारी वर्षे एका इंजिनिअरिंग कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काढली. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि बरोबर असेल तर त्यावर आपला क्रमांकाचा शिक्का ठोकायचा. नाकारलेल्या भागावर लाल रंगाचा पट्टा ओढून तो जाळीच्या कुलूपबंद पिंजऱ्यात टाकायचा, कारण लाल पट्टा नसेल तर नाकारलेला भाग संध्याकाळपर्यंत पुन्हा रांगेत येतो. संशय घेणे हा माझा स्वभाव आहे असे घरचे म्हणतात. तो माझा पगार होता.

असे असूनही सुरुवातीची लक्षणे मी सोडून दिली. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च व्हायचे. पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या मी दिवाळीपर्यंत घेतल्या. मग शौचाला काळे होऊ लागले, आणि जिना चढताना पहिल्याच मजल्यावर थांबावे लागले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन फार खाली गेलेले होते. काळे शौच म्हणजे आत कोठेतरी रक्त जात असल्याची खूण असू शकते. हे ज्याला दिसेल त्याने दिवाळीची वाट पाहू नये.

निदान झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते नाकारले. भावनेच्या भरात नव्हे. नमुन्यांची अदलाबदल मी कारखान्यात पाहिलेली आहे. प्रयोगशाळेत तुकडे मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. तो मागून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. मी तो मागितला. काउंटरवरचा गृहस्थ म्हणाला, "काका, इथला रिपोर्ट कधी चुकत नाही."

"मग ब्लॉक द्यायला हरकत नसावी."

दुसऱ्या ठिकाणीही निदान तेच आले. मला समाधान झाले नाही. एक शक्यता कमी झाली, इतकेच.

पुढे पेट स्कॅन झाला. त्यात शरीरभर कोठे काय पसरले आहे ते दिसते. रोग जठराबाहेर, पोटाच्या मागच्या बाजूच्या लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे रसग्रंथींमध्ये, गेला होता. शस्त्रक्रिया करून सर्व काढता येईल अशी स्थिती राहिली नव्हती. डॉक्टरबाईंनी हे मला सांगितले, मेधाला नव्हे. त्यांच्यात तेवढी सुधारणा झाली होती.

"मग केमोथेरपी?" मी विचारले.

"थांबा. गाठीच्या आणखी दोन तपासण्या मागवल्यात. तुमच्या त्या ब्लॉकवरच."

त्या तपासण्यांना दोन आठवडे लागले. प्रतीक्षागृहात टीव्ही होता, त्याचा आवाज बंद असे. बायका डबे आणत. कोणीही कोणाला रोगाचे नाव विचारत नसे, "किती नंबर?" एवढेच विचारत. माझी पत्नी विमल माझ्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसे. ती फारसे बोलत नसे, पण डॉक्टरांच्या खोलीत प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐके. हे लक्षात ठेवावे.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोळा काढला आणि त्याच्याभोवती बरेच ठिपके काढले.

"ही गाठ. आणि हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट्स. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शरीराच्या पहारेकरी. पॅथॉलॉजिस्टना तुमच्या गाठीत त्या भरपूर दिसल्यात."

"मग त्या काय करत आहेत?"

"काहीच नाही. तेच तर."

हे मला समजण्यास वेळ लागला नाही. निरीक्षक जागेवर हजर, माल समोर, आणि काम बंद. मी कारण विचारले.

त्यांनी सांगितले ते माझ्या शब्दांत देतो. पेशी दुप्पट होताना तिच्या आतील मजकुराची, म्हणजे जनुकांची, नक्कल होते. नकलेत चुका राहतात, आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. माझ्या गाठीत ती यंत्रणाच मोडलेली होती. याला एमएसआय-हाय म्हणतात. त्यामुळे त्या पेशी चुकांनी भरलेल्या, आणि इतका सदोष माल पहारेकऱ्यांना लांबूनही दिसतो. म्हणून ते जमले. परंतु आपल्याच निरोगी अवयवांवर त्यांनी हल्ला करू नये यासाठी निसर्गाने एक खूण ठेवली आहे. ती दिसली की पहारेकरी हात आवरतो. तिचे नाव पीडी-एल-वन. गाठीने ती खूण स्वतःच्या अंगावर लावून घेतली होती.

"म्हणजे शिक्का चोरला," मी म्हणालो.

"शिक्का?"

मी त्यांना सांगितले. एकदा पुरवठादाराकडून आलेल्या मालावर माझाच शिक्का होता, आणि तो मी ठोकलेला नव्हता. माझ्या शिक्क्यातील सातच्या आकड्याचा कोपरा तुटलेला होता. त्या मालावरचा सात अखंड होता. त्यावरून मी तो पकडला. पण आधीच्या दोन खेपा तशाच पुढे गेल्या होत्या.

"अगदी हेच," त्या म्हणाल्या. "आणि आपण जे औषध देणार आहोत, ते गाठीला मारत नाही. ते पहारेकऱ्याच्या डोळ्यांपासून हा शिक्का झाकतं. मग तो आपलं काम करतो. याला इम्युनोथेरपी म्हणतात. तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्यासाठी लढते. तुमच्या प्रकारच्या गाठीत सुरुवातीला केमोशिवाय हे एकटंही देता येतं."

"खरा शिक्काही झाकला जात असेल."

"हो. तीच याची भीती आहे. पहारेकरी कधीकधी चांगल्या अवयवांवरही जातात. थायरॉइड, आतडं, फुप्फुस, यकृत. म्हणून दर खेपेला रक्त तपासायचं, आणि काहीही नवीन झालं की सांगायचं. आता मला सांगा, दुसरं काय घेता? गोळ्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, चूर्ण?"

"रक्तदाबाची एक गोळी. बाकी काही नाही."

विमल शेजारीच बसली होती. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

त्याच आठवड्यात लोणी काळभोरहून माझी मेव्हणी कुसुम आली. तिच्या पिशवीत मेथी होती, वांगी होती आणि गुळवेलीचे हिरवे दांडे होते. "दाजी, बांधावरच्या निंबावरची हाय," ती म्हणाली. "कडू हाय, पण गुणाची हाय." करोनाच्या वर्षापासून आमच्या नारायण पेठेतल्या घरी गुळवेलीचा काढा चालू होता. सकाळी पेला समोर येई आणि वाद टाळण्यासाठी मी तो रिकामा करी. चहासारखेच ते झाले होते.

औषध तीन आठवड्यांतून एकदा सलाइनमधून देत. डे-केअर नावाच्या दालनात कलत्या खुर्च्या होत्या. पहिल्या दिवशी मी बाटलीवरचे नाव, मात्रा आणि मुदत पाहण्यासाठी मागितली. सिस्टरने आणून दाखवली. दुसऱ्या खेपेलाही मागितली. तिसऱ्या खेपेला ती बाटली घेऊनच आली.

"काका, हे नाव, हा डोस, ही तारीख. माझं आधार कार्ड पण दाखवू का?"

"गरज पडली तर सांगेन."

माझ्याबरोबर कधी मेधा येई, खराडीच्या ऑफिसातून रजा टाकून. खुर्चीशेजारी बसून लॅपटॉपवर मीटिंगा करी. कधी लतीफ शेख येत. ते आमच्या कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, होते. टूलरूम आणि तपासणी विभाग यांचे वैर जुने, आणि ते आम्ही निवृत्तीनंतरही प्रामाणिकपणे चालवले आहे.

"साहेब, तुमच्या त्या पांढऱ्या पेशींना आता फार काम पडणार," शेख म्हणाले. "तुमच्याच पेशी त्या. चांगला माल पण रिजेक्ट करतील."

"तुमच्या टूलरूमचा असेल तर करतील."

"मग जठर आमच्याच टूलरूमला बनलं असणार. इतकी वर्षं चाललं."

सिस्टर हसली. मी हसलो नाही, परंतु त्या दिवशी दालनातून बाहेर पडताना जिना मी हात न धरता उतरलो. हे नोंदवण्याजोगे आहे.

पुढच्या खेपांमध्ये भाकरी अर्धीची पाऊण झाली, मग एक. काळे शौच थांबले. हिमोग्लोबिन वर आले. स्कॅन झाला तेव्हा ग्रंथी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रे शेजारी लावून दाखवली.

"यंत्र तेच होतं का?" मी विचारले.

"तेच यंत्र, तोच तंत्रज्ञ, तुम्हीच रुग्ण," त्या म्हणाल्या. "आता तरी खूश व्हा."

मी म्हणालो, "पुढचा स्कॅन पाहू." विमलने मात्र घरी येताच शिरा केला. काढ्याचा पेला त्यानंतर संध्याकाळीही येऊ लागला. एकाचे दोन झाल्याचे मी पाहिले होते. पाहिले आणि सोडून दिले.

मग अंगाला खाज सुटली. त्यानंतरच्या खेपेच्या आदल्या दिवशी रक्त दिले आणि सकाळी तयार होऊन गेलो, तर सिस्टरने खुर्चीवर बसू दिले नाही. डॉक्टरबाईंनी आत बोलावले.

"एसजीपीटी वाढलंय. खूप." एसजीपीटी हे यकृतातील एक द्रव्य. यकृताच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडते. माझे प्रमाण नेहमीच्या कित्येक पट होते. डोळ्यांचा पांढरा भाग किंचित पिवळा दिसत होता; तो मला आरशात दिसला नव्हता, त्यांना दिसला.

"आज औषध नाही," त्या म्हणाल्या. "काविळीच्या विषाणूंची तपासणी करू, सोनोग्राफी करू. ते स्वच्छ निघालं तर बहुधा तुमचे पहारेकरी यकृतावर गेलेत. मग स्टिरॉइड सुरू करावं लागेल, त्यांना शांत करायला."

"आणि इम्युनोथेरपी?"

"आकडा आणखी खूप वर गेला तर हे औषध कायमचं बंद. पुन्हा देता येणार नाही."

"मग दुसरं काय?"

"केमो आहे. पण तुमच्या गाठीत जे काम हे करतंय, ते केमो करेल असं मी सांगू शकत नाही."

मला वाक्य समजले. एका औषधाने मला भाकरी परत दिली होती आणि ते दार बंद होण्याच्या बेतात होते. चार दिवसांनी पुन्हा रक्त देऊन निर्णय व्हायचा होता.

विषाणूंच्या तपासण्या स्वच्छ आल्या. सोनोग्राफीत काही नव्हते. चार दिवस मी तपास केला. पहिल्या सर्व खेपा निर्वेध गेल्या, मग बिघाड आताच का? कारखान्यात असे झाले की आम्ही विचारत असू, काय बदलले? माझा संशय औषधाच्या बॅचवर गेला. बाटली वाटेत सतत थंड राहिली नसेल. मात्रा चुकली असेल. औषध तयार करणारा माणूस नवीन असेल. मेधाला मी औषध कोठून येते, वाटेत फ्रीज असतो का, हे शोधण्यास सांगितले.

"बाबा, तुम्ही सगळ्यांवर डाउट घेताय," ती फोनवर म्हणाली. "ते लोक ट्राय करतायत ना?"

"प्रयत्न करणारेच चुका करतात. बाकीचे काही करतच नाहीत."

चौथ्या दिवशी रक्त दिले आणि दुपारी अहवाल घेऊन विमलसह डॉक्टरबाईंसमोर बसलो. आकडा थोडा आणखी चढला होता. त्यांनी स्टिरॉइड लिहिण्यासाठी पेन उचलले.

"त्याआधी मला बाटल्यांचे बॅच क्रमांक हवेत," मी म्हणालो. "शेवटच्या दोन खेपांचे. आणि त्या बॅचचं औषध आणखी कोणाला दिलं, त्यांची यकृतं कशी आहेत, तेही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. त्या चिडल्या होत्या; ते मला आवडले, कारण पहिल्यांदाच चेहरा आणि बोलणे जुळत होते.

"बॅच क्रमांक मिळतील. त्याच बॅचचं औषध इतरांना दिलंय आणि ते ठीक आहेत. पण तुम्ही तपासनीस ना? मग अर्धा तपास कशाला? आमच्याकडून शरीरात काय गेलं ते तुम्ही पाठ केलंय. तुमच्याकडून काय गेलं ते सांगा. सकाळी उठल्यापासून. एकही वस्तू गाळायची नाही."

हे रास्त होते. मी सुरुवात केली.

"उठल्यावर गरम पाणी. मग काढा. मग रक्तदाबाची गोळी. चहा, दोन बिस्किटं. नऊ वाजता..."

"थांबा. कसला काढा?"

"गुळवेलीचा. घरचा."

डॉक्टरबाईंनी माझ्या फाइलचे पहिले पान काढले.

"हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि नंतरही दोनदा."

"आपण औषधांविषयी विचारलं होतं."

"आयुर्वेदिक म्हणाले होते मी. चूर्ण म्हणाले होते."

"चूर्ण नव्हतं. ताजी होती. निंबावरची." हे बोलताना माझ्या लक्षात आले की मी कुसुमचे वाक्य बोलत आहे.

डॉक्टरबाई विमलकडे वळल्या. "रोज किती, आजी?"

"आधी एक पेला," विमल म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "स्कॅन चांगला आला तेव्हापासून दोनदा. सकाळी आणि दिवेलागणीला. दांडे ठेचून, रात्रभर भिजवून. तुम्हीच म्हणालात ना, यांची प्रतिकारशक्ती लढतेय म्हणून. मी म्हटलं तिला जोर देऊ."

डॉक्टरबाई हळू आवाजात समजावू लागल्या. गुळवेलीने काही माणसांच्या यकृताला सूज येते, अगदी अशीच. जिथे प्रतिकारशक्ती आधीच मोकळी सोडली आहे, तिथे तर अधिक जपावे. "हाच दोषी असं मी आज म्हणणार नाही. औषधही असू शकतं, दोन्ही मिळूनही असू शकतं. पण स्टिरॉइड मी दोन दिवस थांबवते. काढा आत्तापासून बंद. परवा रक्त. वर गेलं तर स्टिरॉइड. खाली आलं तर आपल्याकडे अजून दार उघडं आहे."

रिक्षात विमल रस्त्याकडे पाहत होती. अलका चौकातील सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने विचारले, "मी विष घातलं का तुम्हाला?"

"नाही. तू डॉक्टरांचं ऐकलंस. मी फक्त त्यांच्यावर नजर ठेवली."



बाटलीवरचे नाव मी प्रत्येक वेळी वाचले. सिस्टरचा हात पाहिला. स्कॅनचे यंत्र विचारले. ब्लॉक दुसरीकडे नेला. आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातून आलेला पेला न तपासता तोंडाला लावला, कारण तो घरचा होता. गाठीनेही माझ्या पहारेकऱ्यांना याच खुणेवर फसवले होते. वाचकाने जी चूक टाळावी असे मी वर म्हटले, ती ही. डॉक्टर "औषधे" विचारतात तेव्हा काढा, अर्क, रस, भस्म, शेजारच्या काकूंनी दिलेली पुडी, हे सर्व सांगावे. घरात वर्षानुवर्षे चालत आलेली वस्तू औषध नाही असे आपणच ठरवून टाकू नये.

घरी आल्यावर मी माळ्यावरचा खिडक्यांच्या लाल रंगाचा उरलेला डबा काढला. गुळवेलीच्या बरणीवर आडवा पट्टा ओढला आणि बरणी पत्र्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. विमल ओट्याशी उभी राहून पाहत होती.

"माझ्यावरही एक ओढा," ती म्हणाली.

मी डब्याचे झाकण लावले.

परवाच्या रक्तात आकडा जिथल्या तिथे होता. चढला नव्हता. पुढच्या आठवड्यात उतरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी उतरला. डोळे स्वच्छ झाले. स्टिरॉइड लागले नाही. इतके असूनही डॉक्टरबाईंनी गुळवेलीला दोषी ठरवणारे वाक्य लिहून दिले नाही. "शक्यता जास्त," एवढेच म्हणाल्या. पुराव्यापेक्षा पुढे न जाणाऱ्या माणसाविषयी माझे मत चांगले होते, ते त्यांच्याविषयीही झाले.

त्या काळात विमलने नवी पद्धत सुरू केली. माझ्यासमोर काहीही ठेवताना ती घटक जाहीर करी.

"पाणी. साधं. नळाचं. गाळलेलं."

"ठीक."

"वरण. तूरडाळ, हळद, मीठ, हिंग. हिंगाची बॅच सांगू?"

"नको."

"आमटी घ्या. सही करून देऊ का?"

ती चिडलेली आहे हे मला कळत होते. तिला माझ्यापेक्षा स्वतःचा राग अधिक आहे, हेही कळत होते. त्यावर काय करावे हे मला माहीत नव्हते. मी ठेवलेले सर्व खात असे.

कुसुमचा फोन आला. "दाजी, माझ्यावर राग हाय का?"

"नाही."

"मी तर चांगलंच करायला गेले वो."

"माहीत आहे. पुढच्या वेळी मेथी आण. मेथी पचते आता."

पलीकडे ती रडू लागली. मी फोन विमलकडे दिला.

यकृताचे आकडे नेहमीच्या मर्यादेत आल्यावर डॉक्टरबाईंनी औषध पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. धोका आहे, हे त्यांनी मला, विमलला आणि मेधाला एकत्र बसवून सांगितले. यकृत पुन्हा बिघडले तर मग दार बंदच. दर आठवड्याला रक्त द्यायचे. कोणालाही वजन करायला बाहेर पाठवले नाही.

त्या दिवशी सिस्टर सवयीने बाटली घेऊन आली. मी नाव वाचले, मात्रा वाचली, मुदत वाचली. ही सवय मी सोडलेली नाही आणि कोणी सोडू नये. मग तिने मला विचारले, "काका, घरचं काही?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि विमलकडे पाहिले. "बरोबर?"

"काही नाही," विमल म्हणाली.

औषध थेंबथेंब गेले. खाज सुटली नाही. पुढच्या रक्तात काय येईल हे मला ठाऊक नाही. गाठ आहे, लहान आहे, आणि तिच्याभोवती माझे पहारेकरी आता काम करत आहेत असे सांगतात. मी ते पाहिलेले नाही. सांगणाऱ्यांनी आतापर्यंत माझ्याशी खोटे बोलण्याचा एकच प्रयत्न केला, आणि तो पहिल्याच दिवशी. त्यांचा मी ऋणी आहे. मेधाचाही.

संध्याकाळी घरी पोहोचलो. विमलने चहा केला. दोन कप आणले, एक माझ्यासमोर ठेवला, एक स्वतः घेतला. मी वाट पाहिली. तिने घटक सांगितले नाहीत. खिडकीबाहेर पाहत तिने पहिला घोट घेतला.

मीही कप उचलला. आत काय आहे हे विचारले नाही. आले थोडे जास्त होते.

मग उठून मी दोन्ही कप विसळले आणि ओट्यावर पालथे घातले.